डोळ्यांच्या अडतीस जोड्या

“हे पुस्तक?” मी विचारलं.

“हो,” केतकी म्हणाली.

“एवढंसं?”

“एवढंसंच.”

“आरतीसंग्रह पण याच्यापेक्षा मोठा असतोय की ओ!”

आण्णा मगदूम, म्हणजे आमच्या कलर लॅबचे मालक, काउंटरमागून माझ्याकडं डोळे वटारून बघायला लागले. गिऱ्हाईक समोर असलं की शालननं तोंड उघडायचं नाही, असा त्यांचा एकोणीस वर्षांचा हुकूम होता. एकोणीस वर्षं मी तो रोज मोडत आले होते. पण त्या पोरीला राग आला नाही. उलट ती हसली आणि म्हणाली, “ताई, याच मापाचं करायचंय. खिशात मावलं पाहिजे.”

खिशात! आता तुम्हीच सांगा. आमची लॅब सांगलीची, स्टँडच्या मागची. आमच्याकडं निघायचे लग्नाचे करिश्मा अल्बम. हातभर लांबीची पानं, वर मखमली कव्हर, आणि अल्बम ठेवायला वेगळी सुटकेस. नवरी सासरी निघाली की अल्बम उचलायला दीर लागायचा. अशा ठिकाणी ही काळा कुडता घातलेली, गळ्यात कॅमेरा अडकवलेली मुलगी तळहाताएवढं चोपडं पुढं करत होती. झेरॉक्स पानं दोऱ्यानं शिवून तिनं स्वतःच नमुना केला होता. साठ प्रती हव्यात म्हणाली. पुढच्या रविवारी पुण्यात तिच्यासारख्या दहा फोटोग्राफरांच्या छोट्या पुस्तकांचं प्रदर्शन होतं. ही मूळची मिरजेची, आता पुण्यात राहून तिथलीच झालेली. हे तिचं पहिलं पुस्तक.

मी नमुना चाळला. झेरॉक्स इतकी काळी आली होती की एक बाई आहे एवढंच कळत होतं. खिडकीत बाई, भाजी निवडताना बाई, झोपाळ्यावर बाई.

“कोण या?”

“माझी आई.”

“एकसष्टी आहे व्हय?”

“नाही.”

“मग लग्नाचा वाढदिवस?”

“नाही हो ताई. काहीच नाही. हे माझं काम आहे. चार वर्षं करतेय.”

आईचे फोटो काढणं हे काम कसं असतं ते मला कळेना. पण पोरगी गोड बोलत होती म्हणून मी गप्प बसले. आण्णांनी विचारलं, कव्हरवर काय टाकायचं? ती म्हणाली, काही नाही, नुसता राखाडी कागद. नावाची पट्टी ती स्वतः प्रत्येक प्रतीवर हातानं चिकटवणार होती. आणि एका पानावर फोटो, समोरचं पान कोरं.

“म्हणजे निम्मं पुस्तक कोरं?” आण्णा म्हणाले.

“हो.”

आण्णांचा चेहरा असा काही उजळला! तीस वर्षांच्या धंद्यात निम्मं कोरं छापायला सांगणारं गिऱ्हाईक त्यांना पहिल्यांदा भेटलं होतं.

जाता जाता ती माझ्याकडं वळली. “फोटोंवर काम तुम्हीच करणार ना? तुमचं पूर्ण नाव काय?”

“शालन आवटी. का ओ?”

“शेवटच्या पानावर घालायचंय. कुणी कुणी पुस्तक केलं त्यांची नावं असतात तिथं.”

मी कसंबसं “बरं” म्हटलं आणि आत जाऊन खुर्चीवर बसले.

हे तुम्हाला किरकोळ वाटेल. मला वाटलं नाही. एकोणीस वर्षांत मी किती लग्नं पार पाडली असतील त्याला गणती नाही. सुरुवातीला काचेखाली दिवा लावून निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायची, मग कॉम्प्युटर आला. नवरीचे मुरूम काढले, नवरदेवाच्या शर्टावरचा मठ्ठ्याचा डाग काढला. भांडून लग्नाला न आलेल्या आत्याबाईंना दुसऱ्या लग्नातून उचलून आणून पहिल्या रांगेत बसवलं. आणि अल्बमवर सोनेरी अक्षरांत नाव कुणाचं? स्टुडिओवाल्याचं. तो तर मुहूर्ताला बाहेर पान खात उभा असायचा. माझं नाव छापलेलं मी आयुष्यात तीनदा बघितलं होतं. लग्नपत्रिकेत, रेशनकार्डावर आणि मतदार यादीत, तेही यादीत शालिनी करून ठेवलेलं.

आता पुस्तकात येणार. पुण्यात लोक बघणार. मला ते नाव हवं होतं, अगदी हावरटासारखं हवं होतं. संध्याकाळी घरी जाऊन मी बहिणीला फोन केला, शेजारणीला सांगितलं. आमच्या ह्यांना सांगितलं तर ते म्हणाले, “बरं झालं,” आणि पेपर वाचायला लागले. त्यांच्याकडून एवढंच म्हणजे पुष्कळ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केतकीनं दिलेला पेन ड्राइव्ह लावला आणि फोटो उघडले. पहिल्या फोटोत बाईंचे डोळे मिटलेले. असतात, एखाद्यात असतात. दुसरा उघडला, मिटलेले. तिसरा, चौथा, दहावा. मी भराभर शेवटापर्यंत गेले. अडतीस फोटो, आणि अडतीसच्या अडतीस फोटोंत डोळे मिटलेले!

“अगं बाई,” मी मोठ्यांदा म्हटलं, “या पोरीला बटण दाबायची वेळच साधत नाही की!”

आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगते, म्हणजे मी पुढं जे केलं ते का केलं ते कळेल. आमच्याकडं ऑर्डरच्या कागदावर ‘दुरुस्ती’ असा एक रकाना होता. आण्णा गिऱ्हाइकाला न विचारताच त्यावर बरोबरची खूण करायचे, कारण दुरुस्ती नको म्हणणारं माणूस जगात नसतं. आणि दुरुस्तीत सगळ्यात पहिली म्हणजे मिटलेले डोळे उघडणं. मंगलाष्टकांत अक्षता उडाल्या की सगळं वऱ्हाड डोळे मिटतं. मग मी त्यांचे दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे कापून आणून त्या जागी बसवायची. एकदा एका वरपित्याचे डोळे मिटलेलेच राहून गेले, तर अख्खं घर लॅबवर चालून आलं होतं, जित्या माणसाचा असा फोटो काढता म्हणून. तेव्हापासून आमच्या दारातून मिटलेला डोळा बाहेर गेला नव्हता. गावात मला डोळे उघडणारी बाई म्हणायचे. त्याचा मला अभिमान होता.

केतकीला फोन करून विचारायला पाहिजे होतं. ते मला आज कळतंय, तेव्हाही थोडं कळलंच असणार. पण मी काय विचार केला? पोरगी लाजली असेल. चार वर्षं आईचे फोटो काढले आणि एकातही डोळे उघडे नाहीत, हे कुठल्या तोंडानं सांगेल बिचारी? गिऱ्हाईक असल्या गोष्टी सांगत नसतं. ते आपलं आपण ओळखायचं असतं, गुपचूप नीट करून द्यायचं असतं. आणि शेवटच्या पानावर माझं नाव येणार होतं. माझ्या नावाखाली मी मिटलेले डोळे जाऊ देईन होय?

कंबर कसली. पण उघडे डोळे आणायचे कुठून? ड्राइव्हमध्ये आणखी अडीचशे फोटो होते. मी एकेक बघितला. या बाईंनी जन्मात कॅमेऱ्यासमोर डोळे उघडले नसावेत! एकतर मिटलेले, नाहीतर पाठमोऱ्या. शेवटी एका कोपऱ्यात केतकीचे स्वतःचे तीन फोटो सापडले, पुस्तकात लेखकाचा असतो तसा घालायला काढलेले. मी ते मोठे करून बघितले आणि मांडीवर थाप मारली. मायलेकी म्हणजे एका साच्यातल्या. तीच पापणी, तीच भुवई, नाकाच्या मुळाशी तीच घडी.

मग तीन दिवस मी जे काम केलं ना, तसं काम मी परत कधी केलं नाही. त्या तीन फोटोंतून डोळ्यांच्या अडतीस जोड्या काढल्या. कुठं बुबुळ जरा वळवलं, कुठं पापणी अर्धी खाली घेतली. लेकीचे डोळे आईला बसवायचे म्हणजे वय वाढवायला पाहिजे, म्हणून पांढऱ्यात किंचित पिवळट छटा दिली, कडेला सुरकुत्या ओढल्या. खिडकी डाव्या बाजूला असेल तर बुबुळातला उजेडाचा ठिपका डाव्या बाजूला, कंदील असेल तर ठिपका पिवळा. डाव्या पापणीच्या टोकाला एक बारीकसा खड्डा होता. तो पुसणार होते, पण पापणीला इतका चिकटून होता की पुसला असता तर पापणी खराब झाली असती. राहू दिला.

बुधवारी साठ प्रती छापून, शिवून तयार झाल्या. आण्णांनी एक चाळली. “शालन,” ते म्हणाले, “बाई जिवंत केलीस बघ.”

मी शेवटचं पान उघडून माझं नाव बघितलं. मुंगीएवढी अक्षरं होती. पण होती.

गुरुवारी अकराच्या सुमाराला रिक्षा थांबली. केतकी उतरली आणि तिच्यामागून फोटोतल्या बाई उतरल्या. निर्मला दामले, मिरजेच्या एका मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. ताठ कणा, इस्त्रीची साडी, हातात पाण्याची बाटली. आणि हो, डोळे टक्क उघडे.

“आई, तू इथंच बस,” केतकी दारातच म्हणाली. “पुस्तक तू पुण्यात बघायचंयस. आधी नाही.”

“मी बघायला आलेच नाहीये,” बाई म्हणाल्या. “मला बाजारात जायचंय.” आणि बाकावर बसून समोरचा लग्नाचा अल्बम उघडून वहीतलं गणित तपासावं तशा बघायला लागल्या.

केतकी आत आली. तिनं बॅगेतून कागदी पट्ट्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला, हात पुसले आणि वरची प्रत उचलली. मी समोर उभी. लग्नात नवरीच्या आईला अल्बम दाखवताना छातीत जसं होतं तसं होत होतं.

तिनं पहिलं पान उलटलं आणि थांबली. दुसरं उलटलं. मग मधलंच एक उघडलं. मग शेवटचं.

“हे काय आहे?”

“आवडलं?” मी म्हटलं.

“हे डोळे... ताई, हे डोळे उघडे कसे?”

“मी उघडले की! सगळेच्या सगळे. एक राहिला नाही बघा.”

ती मटकन स्टुलावर बसली. मला वाटलं, आनंदानं. तेवढ्यात माझी नजर टेबलावरच्या पट्ट्यांवर गेली. प्रत्येक पट्टीवर पुस्तकाचं नाव छापलेलं होतं. ‘आई बघत नाही.’

मला एकदम सगळं कळलं, आणि जे कळलं ते कळून काही उपयोग नव्हता.

“चार वर्षं!” केतकी ओरडली. “चार वर्षं मी हे करतेय! मिटलेले डोळे हेच पुस्तक होतं! दुसरं काही नव्हतंच त्यात! तुम्हाला सांगितलं होतं कुणी? वाट लावलीत तुम्ही माझ्या पुस्तकाची!”

“मला वाटलं, चुकून...”

“अडतीस वेळा चुकून?”

आण्णा धावत आत आले. काय झालं ते कळल्यावर त्यांनी लगेच बाजू बदलली. “मॅडम, मी हिला हजारदा सांगितलंय, आपलं डोकं चालवायचं नाही म्हणून. शालन, उद्यापास्नं तू...”

“आणि ते तुमचं नाव,” केतकी माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, “ते आधी काढा. माझ्या पुस्तकात मला ते नकोय.”

नोकरीचं आण्णा काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही. आण्णा महिन्यातून दोनदा मला काढून टाकायचे. पण नावाचं ते वाक्य वर्मी बसलं. डोळ्यांत पाणी आलं ते मी पदरानं पुसलं, आणि स्वतःचाच राग आला. पोरीचं चार वर्षांचं काम बुडालं, आणि मी रडतेय कशासाठी, तर मुंगीएवढ्या अक्षरांसाठी.

“केतकी!” दारातून आवाज आला. तो आवाज ऐकून आण्णासुद्धा सरळ उभे राहिले. “बाहेर रस्त्यावर ऐकू जातंय. वयानं मोठ्या बाईंशी असं बोलायला कुणी शिकवलं तुला?”

“आई, तू बाहेर जा. तुला माहीत नाही काय झालंय.”

“माहीत व्हायला अडचण काय आहे? आण इकडं.”

केतकी प्रत मागं घेणार, तोवर बाईंनी दुसरी उचललीही होती. पर्समधून चष्मा काढला, नाकावर बसवला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. एकेक पान, घाई नाही. आम्ही तिघं भिंतीला पाठ लावून उभे, तोंडी परीक्षेला उभे राहावं तसे. सातव्या की आठव्या पानावर त्या थांबल्या. पुस्तक उजेडात नेलं. मग चष्म्यावरून आमच्याकडं बघितलं.

“माझ्या तोंडावर हिचे डोळे कुणी लावले?”

केतकीनं हातातली प्रत परत उघडली, डोळ्यांपाशी नेली आणि माझ्याकडं बघत राहिली. तिचे स्वतःचे डोळे होते, आणि तिला ओळखू आले नव्हते.

“मी लावले,” मी म्हटलं. “तुमचे उघडे सापडले नाहीत ओ बाई. अडीचशे फोटो धुंडाळले.”

“तुला कसं कळलं?” केतकीनं आईला विचारलं.

“कसं कळलं म्हणजे? अठ्ठावीस वर्षं बघतेय मी हे डोळे. हा खड्डा बघ पापणीपाशी. कांजिण्यांचा आहे. चार वर्षांची होतीस. खाजवू नये म्हणून आठवडाभर तुझे हात धरून बसले होते, तरी एक फोड फोडलासच.” बाई परत पानं उलटायला लागल्या. “काम मात्र सुरेख केलंय हो. या फोटोत मी किती हुशार दिसतेय. आमच्या शाळेतल्या सुनंदानं बघितलं तर जळेल.”

मला त्या प्रसंगातही हसू फुटलं. आण्णांनी कोपरानं ढोसलं.

मग बाईंचं लक्ष टेबलावरच्या पट्ट्यांकडं गेलं. त्यांनी एक उचलली, वाचली. परत वाचली.

“आई बघत नाही,” त्या म्हणाल्या. “अस्सं.”

केतकी खाली बघत होती. मग एकदम बोलायला लागली, कुणीतरी बूच काढल्यासारखी. “मग? बघतेस का? मी कॅमेरा हातात घेतला की तू डोळे मिटतेस. दर वेळी! चुकून नाही, मी मोजलंय. शाळेतल्या सगळ्या मुलींच्या वह्या तू बघितल्यास, माझा एक फोटो तू धड बघितला नाहीस. मला तोंडावर म्हणालीस, हे थेर बंद कर, बी.एड. कर.”

“म्हणाले. अजूनही म्हणेन. पण बी.एड.चा आणि डोळ्यांचा संबंध काय?”

“मग मिटतेस का?”

बाईंनी पट्टी गठ्ठ्यावर नीट ठेवली, कडा जुळवल्या.

“वर्षातून चारदा येतेस तू,” त्या म्हणाल्या. “आलीस की ते डबडं तोंडाला लावतेस. त्यात तुझे डोळे जातात, नाक जातं, कपाळ जातं. खाली उरते हनुवटी. मी तुला बघायला दारात उभी असते गं, आणि समोर काय तर काळं भिंग. त्याच्याकडं बघून करू काय मी? म्हणून मिटते. मिटले की निदान तू दिसतेस.”

केतकीच्या हातातलं पुस्तक तसंच उघडं राहिलं होतं.

“चहा सांगू का?” आण्णा हळूच म्हणाले.

आता मी जे बोलले ते कुठून आलं मला माहीत नाही. तोंड उघडायचं नाही हा हुकूम होताच, शिवाय नोकरी गेल्यातच जमा होती. मी म्हटलं, “मग कॅमेरा माझ्याकडं द्या की!”

“काय?”

“कॅमेरा माझ्याकडं द्या. मी फोटो काढते, तुम्ही माझ्या मागं उभ्या राहा. मग बाईंना तुम्ही सबंध दिसाल, हनुवटीच्या वरपण.”

केतकीनं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता मारते. मग तिनं गळ्यातला पट्टा काढला आणि तो जड कॅमेरा माझ्या हातात दिला. खरं सांगते, मी आयुष्यात फोटो काढला नव्हता. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या फोटोंत खपले, पण कॅमेरा डोळ्याला लावायची वेळ कधी आली नव्हती. केतकीनं माझं बोट धरून बटणावर ठेवलं. “हे अर्धं दाबा, मग पूर्ण,” एवढंच म्हणाली. तिचं बोट गार पडलं होतं.

बाई बाकावर बसल्या. मी समोर, माझ्या मागं केतकी. कॅमेऱ्यातून बघितलं तर ट्यूबलाइट डोक्यावर आलेली, बाजूला आण्णांच्या कॅलेंडरचा अर्धा गणपती, बाईंची एक बट सुटलेली. सवयीनं माझ्या मनात आलं, हे सगळं काढावं लागणार.

“बाई, हनुवटी जरा वर घ्या.”

“मला शिकवू नका. काढा लवकर. आणि ही अशी खांबासारखी काय उभी राहिलीय? केतकी, केस बघ कसे झालेत. सरळ उभी राहा. पाठीला बाक काढून उभं राहायची सवय काही तुझी... अगं...”

बोलता बोलता त्या मध्येच थांबल्या. मी बटण दाबलं. हात हलला, ते मला समजलं.

केतकीनं मागून हात पुढं करून कॅमेरा घेतला आणि न बघताच बॅगेत टाकला. “शालनताई,” ती म्हणाली, तिचा आवाज बसला होता, “माझे आधीचे फोटो आहेत ना? हात न लावलेले?”

“आहेत की.”

“ते छापा. शनिवारी सकाळी येते. शेवटची पानं मी ई-मेलनं आण्णांना पाठवीन, तेवढी त्यांनी स्वतः छापावीत.”

म्हणजे माझ्यावर विश्वास उरला नव्हता. बरोबरच होतं. मी शुक्रवारी दिवसभर ते अडतीस फोटो जसेच्या तसे छापत बसले. मिटलेला डोळा दिसला की बोटं शिवशिवायची. हात मांडीखाली घेऊन बसायची मी. शेवटची पानं आण्णांनी छापली आणि मला बघू दिली नाहीत. मीही मागितली नाहीत. विचारायला तोंड कुठं होतं? आणि घरी बहिणीचा फोन, “नाव कधी बघायला मिळणार?” तिला मी सांगितलं, पुस्तक लांबलंय.

आधीच्या साठ प्रतींचं काय झालं म्हणाल, तर त्या दामलेबाईंनी गुरुवारीच रिक्षात घालून नेल्या. केतकी नको नको म्हणत होती. बाई म्हणाल्या, “फोटो माझे, डोळे तुझे, म्हणजे घरचाच माल आहे.” मग त्यांनी बहिणीला दिली, भावजयीला दिली, शाळेतल्या सगळ्या शिक्षिकांना दिली, दातांच्या डॉक्टरला दिली. सुनंदाबाई खरंच जळल्या, असं नंतर कळलं. मिरजेत तेच पुस्तक खरं मानतात. पुण्यात प्रदर्शनात मिटलेल्या डोळ्यांचं होतं, त्याच्यावर म्हणे मोठमोठी माणसं तासभर बोलली. मी गेले नाही.

आण्णांनी मला काढून टाकलं नाही. दोन दिवस रकान्यात खूण करण्याआधी गिऱ्हाइकाला विचारत होते, “दुरुस्ती पाहिजे का?” लोक त्यांच्याकडं वेड्यासारखं बघायला लागले तेव्हा बंद केलं.

पंधरा दिवसांनी पोस्टानं एक पाकीट आलं. आत राखाडी पुस्तक, त्यावर हातानं चिकटवलेली पट्टी. मी हात धुतले, पुसले आणि आधी शेवटचं पान उघडलं. वयानं एवढी मोठी बाई, पण आधी शेवटचं पान. तिथं आण्णांचं नाव होतं, लॅबचं होतं, शिवणाऱ्या मुसाभाईंचं होतं. माझं नव्हतं. मी यादी तीनदा वाचली, खालून वर, वरून खाली. मग पुस्तक मिटलं आणि मशीनवर ठेवून दिलं. चूक आपली होती, शिक्षा रास्त होती, पण मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

चहा घेऊन आल्यावर परत उचललं, म्हटलं, पोरीचं काम तरी नीट बघावं. पहिल्यापासून एकेक पान बघितलं. अडतीस वेळा डोळे मिटलेले, आणि आता मला ते मिटलेले वाटेनात. आत कुणालातरी बघत बसलेली बाई दिसत होती. अडतिसाव्या फोटोचं पान उलटलं आणि पुढं आणखी एक फोटो होता.

वाकडा. ट्यूबलाइट डोक्यावर, बाजूला अर्धा गणपती, सुटलेली बट तशीच. काही म्हणजे काही काढलेलं नव्हतं. त्याखाली एका ओळीत छापलं होतं, ‘छायाचित्र : शालन आवटी’. मी नावावरून बोट फिरवलं. मग फोटोकडं बघितलं आणि नाव विसरले.

बाईंचे डोळे उघडे होते, त्यांचे स्वतःचे. त्या माझ्याकडं बघतच नव्हत्या, माझ्या खांद्यावरून मागं बघत होत्या. ओरडता ओरडता तोंड उघडंच राहिलेलं, एक हात बाकावरून अर्धवट उचललेला. लेकरू रडायला लागलं की आई उठायच्या आधी जशी बघते, तशा त्या बघत होत्या.

त्या दिवशी मी मागं वळून बघितलं नव्हतं. केतकी माझ्या मागं उभी राहून रडत होती, ते मला त्या फोटोत दिसलं.